पोळ्याच्या दिवशी हॅमस्टरला घातलेली आंघोळ

अन्याय झाला तो एका हॅमस्टरवर. गेल्या पोळ्याला, सकाळी नऊच्या सुमाराला, सोनईतल्या आमच्या घराच्या मोरीत. वय दीड वर्ष, अंग गव्हाळ, पोट पांढरं, सगळा मिळून एका ओंजळीत मावेल एवढा. त्याला हळद-तेल चोळून, साबण लावून, घमेल्यातल्या पाण्यात बसवून आंघोळ घालण्यात आली. घालणारे माझे वडील. घालायला सांगणारी मी.

दोषी कोण ते आधीच सांगून टाकते, कारण मला पत्रकं लिहायची सवय आहे आणि पत्रकात ते पहिल्या चार ओळींत यावं लागतं. नगरला प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाडीखाली सोललेला बैलाचा खांदा, आठवडे बाजारात टेम्पोत कोंबलेल्या शेळ्या, दोरीला बांधून विसरलेली कुत्री हे माझे विषय. माझी पत्रकं वाचून लोक चिडतात. चिडावं म्हणूनच मी लिहिते. पण त्या पोळ्याचं पत्रक वाचून कुणी चिडलं नाही, उलट सगळ्यांना आवडलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

हॅमस्टर माझ्या भाचीचा. ती बारावी झाली आणि पुण्याला शिकायला गेली. वसतिगृहात प्राणी ठेवू देत नाहीत, नगरच्या फ्लॅटमध्ये भाऊ-वहिनी दिवसभर नोकरीवर, म्हणून तो पिंजऱ्यासकट सोनईला आजोबांकडे आला. भाचीनं कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. किती दाणे, किती पाणी, भुसा कधी बदलायचा. त्यात दातांबद्दल, नखांबद्दल एक ओळही नव्हती. तिलाही माहीत नव्हतं.

वडिलांना मी आबा म्हणते. त्यांनी सगळी हयात बैलांत काढली, आणि दोन वर्षांपूर्वी शेवटची जोडी विकली. ट्रॅक्टरवाला एका सकाळी सगळं रान नांगरून जातो, मग बैलांना वर्षभर नुसतं बसवून कशाला ठेवायचं, हा हिशेब त्यांचाच होता. गोठ्यात आता ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात. विकल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला त्यांनी मातीच्या बैलांची पूजा केली आणि दुपारी न जेवता झोपून राहिले. आई म्हणाली होती, "मातीच्या बैलाला आंघूळ तरी कशी घालनार, इरघळून जाईल." कुणी हसलं नाही.

मग यंदा माझं पत्रक आलं. छापखान्यात खाली चार ओळींची जागा रिकामी राहत होती. छापणारा म्हणाला, काहीतरी भरा. मी उभ्या उभ्या लिहिलं: ‘मान फक्त बैलालाच का? यंदा घरातल्या प्रत्येक मुक्या जिवाला पोळ्याची आंघोळ घाला, सुट्टी द्या, गोडधोड खाऊ घाला.’ शेजारी कोपऱ्यात हॅमस्टरचा फोटो टाकला, मागच्या खेपेला सोनईत काढलेला. गोड दिसत होता.

पोळ्याला मी अकराच्या एसटीनं घरी पोचले. आबा ओसरीवर मांडी घालून बसले होते, मांडीवर उपरण्याची गुंडाळी. गुंडाळीतून एवढंसं नाक बाहेर. कपाळाला कुंकवाचं बोट. आईनं ब्लाऊजपीसच्या कापडाची बोटभर झूल शिवली होती, ती बाजूला वाळत पडलेली. आबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेला आनंद होता. मी उपरणं उघडलं. तो कुबड काढून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, केस ओलसर आणि चिकटून सुयांसारखे झालेले. हाताला गार लागला.

"आबा, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? पोळा हाय ना आज."

"ह्याला आंघोळ घालत नसतात."

"तूच लिव्हलं हाय." त्यांनी बंडीच्या खिशातून पत्रक काढलं. चार घड्या घातलेलं. "हे बघ. परत्येक जिवाला. वर फोटू बी ह्याचाच."

मी पत्रक हातात घेतलं.

"आन् चार दिस झालं, ह्याचं नाक कोरडं पडलं हुतं," आबा म्हणाले. "केस बी बसले हुते. म्हनलं अंगात कडकी असंल. पानी मुद्दाम गारच घेतलं."

नाकाचं सांगायला हवं. आमच्याकडे जनावर पाळणारा माणूस सकाळी गोठ्यात शिरला की आधी नाकपुडीकडे बघतो. दंव पडल्यासारखी ओली असेल तर जनावर धड. कोरडी पडली तर ताप, मग कामाला जुंपायचं नाही. आबांना हे कुणी शिकवलेलं नाही, त्यांच्या वडिलांच्या मागे चालताना ते कळत गेलं. आणि त्यांचं चाळीस वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.

त्या क्षणी मात्र मी भांडले. माझ्याकडे कोणीही दोषी सापडला की माझा आवाज चढतो. पाणी, साबण, तेल, गार वारा, सगळं एकेक करून त्यांना ऐकवलं. ते ऐकत राहिले. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाषान झालं आसंल तर त्याला ऊब द्या कुनीतरी." तिनं गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आणली. आम्ही त्याला हळूहळू टिपून कोरडं केलं, बाटलीशेजारी ठेवलं, पिंजरा आतल्या खोलीत नेला. मी डॉक्टरांना फोन लावला.

जनावरांचे डॉक्टर पोळ्याच्या दिवशी कुणाला सापडत नाहीत. लोक मायेनं बैलांना पुरणपोळ्या चारतात आणि बैल फुगतात. आमचे डॉक्टर दीड वाजता आले, तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"सकाळपासून बैलच बैल," ते म्हणाले. "आणि हे काय, उंदीर?"

"उंदीर न्हाई, नातीचा हॅमस्टर हाय," आई म्हणाली.

"ह्यालाही पुरण चारलंत?"

आईनं पदर सारखा केला. "बोटभर."

डॉक्टर हसले, मग पिंजऱ्यापाशी बसल्यावर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, खरं सांगतो, हे माझ्या रोजच्यातलं नाही. कॉलेजात पांढरे उंदीर हाताळलेत, तेवढीच माझी शिदोरी. जमलं तर पुण्याला ह्यातलं कळणाऱ्याशी बोलून घेतो." हे सांगणारा डॉक्टर मला आवडला. त्यांनी मानेची सैल कातडी दोन बोटांत हलकेच धरली, त्याला उताणा केला आणि ओठ वर सारला.

खालचे दोन दात कमानीसारखे वाढून वर टाळूत रुतले होते.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभराचं तरी आहे. ह्याला खायला काय देताय?"

"दुधात भिजवलेली भाकरी," आबा म्हणाले. "दाना खाईना झाला म्हनून. म्हाताऱ्या बैलाला देतो तशी."

दाणा खाईना कारण दात वाढलेले. मऊ खाऊ घातलं म्हणून दात आणखी वाढले. ह्या जातीचे दात मरेपर्यंत वाढतात, कुरतडून कुरतडून ते झिजावे लागतात, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते पिवळट असतात ते मात्र बरोबर, पांढरे करायला जाऊ नका, असंही डॉक्टर म्हणाले. तोंड दुखतंय म्हणून तो स्वतःचं अंग चाटून विंचरू शकत नव्हता, म्हणून केस बसले होते. केस बसले म्हणून आबांना तो मळका वाटला. मळका वाटला म्हणून आंघोळ.

डॉक्टरांनी बॅगेतून बारीक कटर काढला आणि दात कापले. कट, कट, दोन आवाज. घरी नेलकटर लावाल तर दात उभा चिरेल, असं मला बजावलं.

"हनुवटी ओली असणार ह्याची गेले कित्येक दिवस," हात पुसता पुसता ते म्हणाले. "लाळ गळते ना. कुणाला दिसली नाही?"

मी पत्रक उघडलं. कोपऱ्यातल्या फोटोत हनुवटीखालचे केस ओले होते, एकमेकांना चिकटलेले, अगदी स्पष्ट. मीच तो फोटो काढला, मीच निवडला, मीच छापखान्यात मोठा करून बघितला. महिनाभरात दोनदा मी सोनईला आले होते आणि दोन्ही वेळा त्याला तळहातावर घेऊन मोबाईल समोर धरला होता. त्याला उलटा करून बघायचं मला सुचलं नाही. फोटोत पोट येत नाही ना.

पुढचे दोन दिवस मी सोनईतच राहिले. डॉक्टरांनी पुण्यात विचारून थेंबांचं औषध दिलं होतं, ते मी सुईशिवायच्या पिचकारीनं ओठाच्या कडेला सोडायचे. तो थोडं भोपळ्याचं बी खाऊ लागला. आबा वाणसामानाच्या काट्यावर वाटी ठेवून त्याचं वजन करायचे आणि मला ग्रॅम सांगायचे. वजन रोज खाली जात होतं, पण तेवढं काय, आजारात उतरतंच, असं आम्ही दोघं म्हणत होतो. काम होतं म्हणून मी नगरला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन.

"आगं, नाक ओलं झालं हाय." आवाजात हसू होतं. "सुदारतोय गडी."

मलाही बरं वाटलं. मी भाचीला निरोप पाठवला: तुझा हॅमस्टर जरा आजारी होता, आता सुधारतोय. आंघोळीचं लिहिलं नाही. संध्याकाळी सहज, कौतुकानं म्हणून डॉक्टरांना कळवलं.

"ओलं?" ते म्हणाले. "ताई, बैलाचं नाक ओलं असावं लागतं. ह्याचं कोरडंच हवं. ओलं म्हणजे छातीत गेलंय. श्वासाचा आवाज येतोय का बघायला सांगा, आणि आत्ता घेऊन यायला सांगा."

आबांना फोन करून हे सांगणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम. मोर्चात पोलिसांसमोर उभं राहणं ह्याच्यापुढे सोपं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे चार दिस कोरडं हुतं तवा ते बराबर हुतं?"

"हो."

"आन् म्या ते ओलं कराया गेलो."

ते त्याला टोपीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. श्वासाला बारीक टकटक लागली होती. पोळ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

मी तडक सोनईला गेले. भाचीला सांगायचं कुणी, ह्यावर घरात वाद झाला. आई म्हणाली, वय झालं होतं म्हणा, पोरीच्या परीक्षा तोंडावर आहेत. मी म्हणाले, मी सांगते, पत्रक माझं. आबांनी दोघींचं ऐकलं नाही. त्यांनी स्पीकर लावला.

"बाळ, तुझा हॅमस्टर गेला. म्या आंघूळ घातली त्याला पोळ्याची. मला ठावं न्हवतं. आन् त्येच्या आदीपासून त्येचे दात वाढले हुते, ते बी मला दिसले न्हाईत."

पलीकडे ती रडत होती. मी मध्ये घुसून म्हणाले, आंघोळीची ओळ माझी, आबांनी ती पाळली एवढंच. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. रडणं आवरून विचारलं, "आजोबा, त्याचे दात शेवटचे कधी बघितले होते कुणी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

"आत्या, तू?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली. "दीड वर्षात एकदाही नाही."

ह्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. रागावण्याची माझी एक रीत आहे: कुणीतरी क्रूर असतो, त्याला शोधायचं आणि चव्हाट्यावर उभं करायचं. इथं कुणी क्रूर नव्हतं. आबांनी बैलाची माया त्याच्यावर केली, आईनं झूल शिवली, भाचीनं पुण्याहून रोज चौकशी केली, मी फोटो काढले. चौघांच्या प्रेमात तो महिनाभर उपाशी होता. ‘प्रत्येक मुका जीव’ असं मी झोकात लिहिलं, पण लिहिताना एकही जीव माझ्या डोळ्यासमोर नव्हता. असता तर कळलं असतं की एकाची आंघोळ दुसऱ्याचं मरण असू शकते, आणि एकाच्या नाकावरचं दंव दुसऱ्याच्या छातीतला आजार.

उरलेली पत्रकं मी परत गोळा करायला लागले. तेव्हा आठवलं, कोल्हारला एका शाळेच्या बाईंना पत्रक देताना त्या म्हणाल्या होत्या, हे फोटोतलं आमच्याकडेही आहे. मी फोन केला. आंघोळ घातली नव्हती, पोळ्याला त्या माहेरी होत्या. पण दिवाळीत उटण्याची घालायचं ठरलं होतं. आणि म्हणाल्या, "बरं झालं फोन केलात. त्याच्या कमरेला दोन गोचिड्या बसल्यात. आमच्या ह्यांनी म्हशीचं औषध आणून ठेवलंय, आज लावणार आहेत."

मी म्हणाले, काही लावू नका, आम्ही येतो. आबांना सांगितलं तर ते धोतर बदलून उभेच. राहुरीला एसटी बदलून आम्ही चारला कोल्हारला पोचलो. हॅमस्टर झोपला होता. बाईंनी उठवायला हात घातला, पण मधल्या दिवसांत डॉक्टरांना खोदून खोदून विचारत शिकलेल्या आबांनी थांबवलं.

"झोपंतून वढू नका. डरंल आन् चावंल. उठू द्या त्येच्या मनानं."

आम्ही चहा घेतला, दिवस कलेपर्यंत बसलो. तो भुशातून बाहेर आला तेव्हा आबांनी हात धुऊन पुसले, पिंजऱ्यात नुसता तळहात ठेवला, त्याला हुंगू दिलं. आधी त्याची चाल बघितली. मग जमिनीवर बसून मांडीवर पंचा पसरला, पडला तर लागू नये म्हणून. डोळे स्वच्छ. नाक कोरडं. "कोरडं हाय," ते बाईंना म्हणाले, "हे आसंच पायजे." मग हनुवटी, ओठ सारून दात, पुढची नखं, मागची नखं, शेपटीखाली हगवण लागलेली नाही ना, पोटावरून अंगठा फिरवून कुठं गाठ. शेवटी कमरेवरचे केस फुंकून बाजूला केले. दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका.

"ह्या बघा गोचिड्या," बाईंचे यजमान म्हणाले. औषधाची बाटली त्यांच्या हातात होती.

आबांनी निरखून बघितलं. "साहेब, लई गोचिड्या काढल्यात म्या. आशा मापून बसत न्हाईत त्या. हितं एक, बराबर त्याच जागी तिकडं एक, सारख्याच. ही आंगाचीच खून दिसती. आधी इचारा."

मी डॉक्टरांना फोटो पाठवला, ह्या वेळी पोटाचा आणि कमरेचा. उत्तर आलं: वासाच्या ग्रंथी आहेत, जन्मजात असतात, हात लावू नका. ते म्हशीचं औषध लावलं असतं तर रात्रीपर्यंत संपला असता. यजमानांनी बाटली उचलून बाहेर गोठ्यात नेऊन ठेवली.

एक नख वाढून वाकलं होतं. आबांनी ते कापलं नाही. आत शीर असते, दवाखान्यातच कापून घ्या, आणि पिंजऱ्यात खापराचा तुकडा ठेवा, येता-जाता झिजेल, असं सांगितलं. कुरतडायला बाभळीची काडी ठेवायची का ते मात्र त्यांनी डॉक्टरांना विचारायला लावलं. आता ते प्रत्येक गोष्ट विचारतात.

"मग अंगाला वास मारला तर?" बाईंनी विचारलं. "आंघोळ नाहीच?"

"त्येची आंघूळ त्यो करतो. आपन वाळू द्यायची." प्रवरेची वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून, गार करून बशीत द्यायची, धूळ असलेली नको, केस लांब असतील तर मऊ ब्रश हलक्या हातानं, एवढं सगळं त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. वांबोरी फाट्याच्या आसपास म्हणाले, "बघायला किती येळ लागला गं?"

"दहा मिनिटं."



तर तुम्ही. तुमच्या घरात हॅमस्टर असेल, तर त्याच्यावर तुमचं किती प्रेम आहे हे मला सांगू नका, ते आमच्याकडेही होतं. तो आज संध्याकाळी आपणहून उठेल तेव्हा हात धुवा, मांडीवर कापड पसरा, त्याला उताणा करा आणि ओठ सारून दात बघा. आजच बघा. आणि शेवटचे कधी बघितले होते, ह्याचं उत्तर देता येत नसेल तर उद्या सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात जा.